पंधरावा आवाज

“चौदा,” उज्ज्वला सुतार म्हणाली, आणि तिच्यानंतर धुक्यातून आणखी एक आवाज आला.

“पंधरा.”

माझ्या गटात मुली चौदाच होत्या.

मी जिथे बसले होते तिथून मला फक्त पहिल्या दोघी दिसत होत्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या. बाकी सगळं पांढरं. पाच मिनिटांपूर्वी समोर लांबच्या लांब माळ होता, पिवळी फुलं होती, माळाच्या टोकाला कडा आणि त्याखाली दरी. मग दरीतून धुकं वर आलं आणि चुलीवरचं दूध उतू जावं तसं माळभर पसरलं. लगेच लांबून थोरवत बाईंच्या तीन शिट्ट्या ऐकू आल्या आणि मुली आहेत तिथे खाली बसल्या.

“कोण म्हणालं पंधरा?” मी ओरडले. “चेष्टा नकोय. पुन्हा नंबर द्या.”

एक, दोन, तीन, चार. आवाज नीट येत होते. शबाना मुल्ला आमच्या गटातली सगळ्यांत दांडगी, कबड्डी खेळणारी. तिचा “नऊ” तर दरीत जाऊन परत आला. तेरापर्यंत आलं आणि मधेच थांबलं.

“उज्ज्वला?”

“चौदा,” ती म्हणाली, पण अगदी हळू.

मी कान टवकारले.

“पंधरा.”

या खेपेला नीट ऐकू आलं. आवाज लांबून येत होता, डावीकडून, आणि तो पुरुषाचा होता.

या गोष्टीला आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली. मी तेव्हा कराडला कॉलेजात शिकत होते. आमच्या तालुक्यातल्या शाळांमधल्या आठवी-नववीच्या मुलींचं एक शिबिर दर वर्षी पावसाळा सरला की भरायचं. शुक्रवारी जायचं, रविवारी परत. त्या वर्षी दीडशेच्या वर मुली होत्या आणि आम्ही पाटणच्या बाजूला निवळीच्या माळावर तंबू ठोकले होते. माझ्यासारख्या कॉलेजच्या मुली गटप्रमुख. सगळ्यांच्या वर थोरवत बाई. त्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, सडसडीत, सुती साडीखाली पायात कॅनव्हासचे बूट. बाईंचं शिबिर म्हणजे नियम. एकटीनं कुठेही जायचं नाही, कायम जोडीनं. पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. प्रत्येक गटाबरोबर एक दोर आणि औषधांची पेटी. खालच्या गावात एक जीप, ड्रायव्हरसकट, दिवसरात्र उभी. पालकांनी शिबिराच्या जागी यायचं नाही. आणि तीन शिट्ट्या झाल्या की आहे तिथे खाली बसून नंबर द्यायचे.

निघायच्या आधी पालकांची सभा झाली होती. बाईंनी हे सगळं त्यांच्याकडूनही करवून घेतलं. “तुम्हाला कळलं तर तुम्ही मुलींना समजावाल,” असं म्हणून त्यांनी भर सभेत तीन शिट्ट्या मारल्या. धोतरवाले आजोबा, नऊवारीतल्या आया, सगळे हसत हसत फरशीवर बसले आणि त्यांनी नंबर दिले. फक्त एक माणूस उभा राहिला. खाकी कपड्यातला, बहुतेक थेट कामावरून आलेला.

“बाई, धोका आला की पळायचं सोडून बसायचं?”

“हो. बसलेलं माणूस सापडतं. पळणारं सापडत नाही.”

त्याचं समाधान झालेलं दिसलं, कारण तो बसला. पण मग त्याचे प्रश्न थांबेनात. तंबूचं दार आतून बांधतात का बाहेरून? पोरी झोपल्या की दाराशी कोण झोपतं? रात्री पहारा कुठल्या अंगाला असतो? माळाचा कडा तंबूपासून किती लांब? बाकीचे पालक कंटाळले. मला मात्र कुतूहल वाटलं. इतर सगळे जेवणाचं विचारत होते, हा माणूस फक्त रात्रीचं विचारत होता. शेवटी बाईंनी सगळ्यांना विचारलं, “कुणाच्या मुलीला काही आजार, काही त्रास? आत्ताच सांगा.” सगळ्यांनी माना हलवल्या. काही नाही. त्यानंही हलवली.

शिबिराची पहिली रात्र नीट गेली, असं आम्हाला वाटलं. शनिवारी सकाळी मी पाणी आणायला निघाले तर एक गोष्ट दिसली. तंबूंच्या भोवती आम्ही सुतळीची हद्द बांधली होती. तिच्या पलीकडे, एका कारवीच्या झुडपाआड, गवत दबलेलं होतं. शेजारी शेंगांची ताजी टरफलं. कुणीतरी बराच वेळ तिथे बसलं होतं, आणि तिथून माझ्या गटाचा तंबू समोर दिसत होता.

मी बाईंना नेऊन दाखवलं. त्यांचा चेहरा बदलला.

“गुराखी असेल,” मी म्हणाले.

“गुराखी रात्री मुलींच्या तंबूसमोर बसून शेंगा खात नाही,” बाई म्हणाल्या. “मुलींना काही बोलू नकोस. आज रात्री या अंगालाही पहारा. आणि दिवसा डोळे उघडे ठेव.”

म्हणून धुक्यातून पुरुषाचा आवाज आला तेव्हा ती टरफलं डोळ्यांपुढे आली. मुलीही घाबरल्या. कुणीतरी रडायला लागलं. “ताई, कोण आहे?” “ताई, भूत आहे का?”

“भूत नंबर देत नाही,” मी म्हणाले. मला स्वतःला तेवढंच सुचलं.

मी शिट्टी मारून बाईंना खूण केली. पुढच्या गटाचा दोर आमच्या गटापर्यंत पोचत होता, तो धरून त्या वाकून वाकून आल्या. मी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. त्यांनी दुसरा कान पुढे केला. मी पुन्हा सांगितलं.

“पुन्हा नंबर घे,” त्या म्हणाल्या.

घेतले. चौदानंतर पुन्हा तोच आवाज, आता जरा कापरा. “पंधरा.”

बाईंनी माझं मनगट धरलं. “आवाज कुठून येतोय?”

“डावीकडून. कड्याच्या बाजूनं.”

“नक्की?”

“तुम्हाला नाही ऐकू आलं?”

“ऐकू आलं. कुठून आलं ते नाही कळलं.” त्या अगदी हलक्या आवाजात बोलत होत्या. “माझा डावा कान गेलाय. एका कानानं आवाज येतो, दिशा येत नाही. हे कुणाला माहीत नाही, आणि आत्ता त्यावर बोलायला वेळ नाही. तू मला दिशा सांगायची. जमेल?”

“बाई, पण तो माणूस कोण आहे ते माहीत नाही. सकाळचं ते…”

“कुणी का असेना. चोर असला तरी तो माझ्या माळावरून दरीत पडता कामा नये. वर आणल्यावर बघू त्याच्याकडे.”

बाईंनी आमच्या गटाच्या दोराचं एक टोक एका मोठ्या धोंड्याला गुंडाळून शबानाच्या हातात दिलं, तिच्यामागे आणखी चौघींना धरायला लावलं. दुसरं टोक त्यांनी आपल्या कमरेला बांधलं. मधे मी. मग त्या धुक्याकडे तोंड करून ओरडल्या, “अहो पंधरा नंबर! जागचे हलू नका! बसूनच बोलत राहा. आम्ही आवाजाच्या रोखानं येतोय.”

पलीकडून काही आलं नाही.

“बोला काहीतरी!”

“काय बोलू?” आवाज आला.

“काहीही! थांबू नका म्हणजे झालं!”

आणि मग त्या पांढऱ्या धुक्यातून, एका सुरात, सवयीनं रुळलेला आवाज यायला लागला.

“कराड, मलकापूर, पाचवड फाटा, वाठार, कासेगाव, नेर्ले, पेठ नाका… पेठ नाकावाले पुढं या…”

रडणाऱ्या मुली हसायला लागल्या. “ताई, कंडक्टर आहे!” शबाना म्हणाली. “ताई, तिकीट काढायचं का?” सगळ्या खिदळल्या. फक्त रांगेच्या टोकाकडून हसू आलं नाही.

“ते माझे बाबा आहेत,” उज्ज्वला म्हणाली.

हसणं बंद झालं. तिनं ओळखलं होतं, पहिल्या “पंधरा”लाच. म्हणूनच दुसऱ्या खेपेला तिचा आवाज अडकला होता.

“उज्ज्वला, तिथेच बसून राहा,” बाई एवढंच म्हणाल्या. “वैजयंती, चल.”

आम्ही बसूनच पुढे सरकत होतो. बाई पुढे, हातातली काठी जमिनीवर ठोकत. मी मागे त्यांचा पदर धरून. “थोडं डावीकडे. सरळ. आणखी डावीकडे.” ओल्या गवतात साड्या-पंजाबी ड्रेस चिंब झाले. कामेरी झालं, किणी झालं, शिरोली झाली. कोल्हापूर आलं आणि तो थांबला.

“परत कराडला चला!” बाई ओरडल्या.

“कोल्हापूर, शिरोली, किणी…” त्यानं उलटं सुरू केलं.

बाईंची काठी एकदम हवेत गेली. डाव्या बाजूला जमीनच लागली नाही. बाई दगडासारख्या थांबल्या. हात-दीड हातावर गवत संपत होतं आणि खालून गार वारा वर येत होता. मी त्यांच्या पदराचा पीळ मुठीत धरला.

“कुठे आहे तो?”

“समोर. अगदी समोर, बाई.”

आणि मग तो दिसला. गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, डोक्याला मफलर, अंगात तोच खाकी शर्ट. पालकसभेतला प्रश्नवाला माणूस. त्याच्या चपलेची टोकं कड्याच्या बाहेर होती. त्याला ते माहीत नव्हतं. त्याला पुढेही पांढरं दिसत होतं, मागेही पांढरं.

“सुतार,” बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, मुलाला झोपवताना बोलावं तशा. “उठायचं नाही. मागं वळायचं नाही. बसल्या बसल्या मागं सरका. हां, अजून. अजून थोडं. माझा हात लागला? आता धरा.”

त्यानं हात धरला. मी हाक दिली, शबानानं दोर खेचला आणि आम्ही तिघंही गवतावरून घसपटत मागे आलो.

धुकं हळूहळू विरळ झालं. सगळ्यांना कडा दिसायला लागला आणि सुतार जिथे बसले होते ती जागाही दिसली. ती बघून ते आणखी चार पावलं मागे सरकले. उज्ज्वला त्यांच्याजवळ गेली नाही. ती पाठमोरी उभी राहिली.

आम्ही तंबूंपाशी आलो. बाईंनी बाकीचे गट दुसऱ्या गटप्रमुखांच्या हवाली केले आणि आमच्या चौदा जणींना गोल बसवलं. सुतारांच्या हातात चहा दिला.

“आता सांगा,” बाई म्हणाल्या. “शेंगा तुम्हीच खाल्ल्या ना काल रात्री?”

त्यांनी मान खाली घातली. “व्हय, बाई.”

“मुलींच्या शिबिरात, रात्री, झुडपात लपून. दुसरा कुणी असता तर मी पोलिसात दिला असता. का आलात?”

ते लेकीकडे बघत राहिले.

“सुतार, मी विचारतेय.”

“मला सांगता येत न्हाई, बाई. पोरीनं शपथ घातलीया.”

“मग आज धुक्यात ‘वाचवा’ म्हणून का नाही ओरडलात? नंबर कसला दिलात?”

“पळालो असतो तर गेलो असतो. तुमचं ध्यानात होतं, बसलेलं माणूस सापडतं. बसलो.” त्यांनी कप खाली ठेवला. “म्हटलं आता हाक मारावी. पण काय मारणार? बाबा हाय म्हणालो तर पोरींच्यात तिची मान खाली जायची. तेवढ्यात तिचा आवाज आला, चौदा. मग आपला पुढचा नंबर दिला. म्हटलं बाई हुशार हायत, एक जास्त आला तर शोधतील.”

“आणि कड्याकडे कशाला गेला होतात?”

“पोरी फुलं बघत कड्याकडं सरकाय लागल्या. म्हटलं झुडपाआडनं जाऊन आपण मधी असावं. तवर धुकं आलं.”

उज्ज्वला वळली. तिचे डोळे लाल होते, पण ती रडत नव्हती. रागावलेली होती.

“मी झोपेत चालते,” ती म्हणाली.

तिनं ते असं सांगितलं जणू कुणावर दगड फेकलाय.

“लहानपणापासून. दार उघडून बाहेर जाते. मला आठवत नाही. घरी बाबा दाराला आडवे झोपतात. रात्रपाळी असली की आई झोपते. शिबिराला यायचं होतं मला. सांगितलं असतं तर बाईंनी घेतलं नसतं, आणि घेतलं असतं तरी ह्या सगळ्या हसल्या असत्या. म्हणून बाबांना शपथ घातली.” ती वडिलांकडे वळली. “पण मी तुम्हाला यायला नव्हतं सांगितलं!”

“न्हाई सांगितलंस,” सुतार म्हणाले. “पण तू काल आली होतीस की बाहेर.”

“बाहेर?” तिनं विचारलं.

“सुतळीपर्यंत आलीस. मी हळूच खांद्याला धरून वळवली. गेलीस परत तंबूत.”

बाईंनी डोळे मिटले. दीडशे मुली, पहारा, सुतळी, दोर, जीप, सगळं होतं. आणि एक मुलगी झोपेत तंबूतून उठून हद्दीपर्यंत चालत आली होती, ते आमच्यापैकी एकीलाही कळलं नव्हतं. पहारा शेकोटीच्या अंगाला होता.

मला वाटलं आता मुली हसतील. शबानाच बोलली, पण वेगळंच.

“मी रात्री दात खाते,” ती म्हणाली. “करकर करकर. माझ्या बहिणी माझ्याजवळ झोपत नाहीत. काल मी तोंडात ओढणी धरून झोपले.”

थोडं हसू आलं सगळ्यांना, पण ते उज्ज्वलावर नव्हतं. मग एकीनं सांगितलं की तिला अंधारात श्वास कोंडतो. दुसरीनं सांगितलं की ती उपाशी राहिली की चक्कर येते आणि लाजेनं ती दुसरी पोळी मागत नाही. प्रणिता म्हणून एक गोरीशी, कधीच न बोलणारी मुलगी होती. तिनं सगळ्यांत शेवटी तोंड उघडलं.

“मला मे महिन्यात फिट आली होती. दोनदा. आई म्हणाली, कुणाला सांगायचं नाही, पुढे लग्नाला अडचण येते.”

तिथे मात्र कुणी हसलं नाही. दुपारी आम्ही मुलींना झऱ्याच्या डोहात उतरवणार होतो.

बाई उठल्या आणि प्रणिताशेजारी जाऊन बसल्या. “गोळ्या आणल्यास?”

“पिशवीच्या तळाशी आहेत.”

“कधी घ्यायच्या ते मला दाखव. बरं झालं बोललीस.”

त्या दिवशीचा सगळा कार्यक्रम बाईंनी रद्द केला. डोह नाही, शर्यती नाहीत. त्या एकेका गटात जाऊन गोलात मांडी घालून बसल्या. “सुतारांच्या मुलीनं आज आम्हाला एक गोष्ट सांगितली,” अशी सुरुवात करायच्या आणि मग गप्प व्हायच्या. कुठे वेळ लागला, कुठे लगेच सुरू झालं. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसत होते. संध्याकाळपर्यंत आम्हाला दीडशे मुलींबद्दल इतकं कळलं जितकं पालकसभेत कळलं नव्हतं. प्रत्येकीला बाई एकच विचारत, “मग आपण काय करायचं?” आणि उत्तर बहुतेक वेळा त्या मुलीलाच माहीत असायचं. स्वतःच्या कानाबद्दल बाई काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

संध्याकाळी त्यांनी सुतारांना बोलावलं. “आता तुम्ही खाली जायचं. पालकांनी इथं राहायचं नाही, हा नियम आहे.”

“बाई, रात्र…”

“रात्रीचं आम्ही बघतो. उज्ज्वलाच्या मनगटाला ओढणी, तिचं दुसरं टोक वैजयंतीच्या मनगटाला. चालेल, उज्ज्वला?”

“चालेल,” ती म्हणाली.

सुतार उभेच. लेकीनं त्यांची पिशवी उचलून त्यांच्या खांद्याला अडकवली. “जा आता,” ती म्हणाली. आवाजात राग होता का माया, मला कळलं नाही. “मी राहते.”

पायवाटेनं ते उतरत गेले. दोन-तीनदा थांबले. प्रत्येक वेळी तिनं हात हलवून पुढं जायला सांगितलं.

रात्री ओढणी दोनदा ताणली गेली. मी उठले, तिला वळवलं, ती झोपली. सकाळी तिला काही आठवत नव्हतं. “आले होते?” तिनं विचारलं. मी दोन बोटं दाखवली. ती हसली आणि ओढणीची गाठ सोडायला लागली.

रविवारी दुपारी आम्ही तंबू गुंडाळून खाली उतरलो. गावात देवळासमोर आमच्या गाड्या लागल्या होत्या. त्या मारुतीच्या देवळाची ओसरी वाटेतच होती. तिथे उशाला पिशवी घेऊन सुतार पालथे झोपले होते. पायात चपला तशाच.

पारावर बसलेले एक म्हातारे म्हणाले, “काल दिवस मावळता आलेत आणि पडलेत. सकाळची गाडी गेली, दहाची गेली. डायव्हरनं किती हॉर्न वाजवला. माणूस हलंना. आम्हाला वाटलं आजारी हाय, पण न्हाई, घोरतोय नुसता.”

मागून मुलींची रांग गाणी म्हणत उतरत होती. उज्ज्वला मागं वळली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं. रांगेतल्या पहिल्या मुलीनं ते बघून आपल्या मागच्या मुलीकडे वळून बोट ठेवलं, तिनं तिच्या मागच्या. गाणं विझत विझत माळाच्या वाटेवर मागे गेलं. दीडशे मुली चपला हातात घेऊन, धुळीत पाय न वाजवता, त्या ओसरीपुढून गेल्या. थोरवत बाईही गेल्या, बूट काढून.

उज्ज्वला पायरीवर बसली. शेवटची गाडी भरेपर्यंत तिनं त्यांना उठवलं नाही.